अक्षरांआधी मूल वाचणाऱ्या अनुताई

नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या ग्रामीण भागात १९२९ साली एका एकोणीस वर्षांच्या शिक्षिकेने अध्यापनास प्रारंभ केला. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य, असा आघात सोसून ती या पेशात आली होती. पुढे बालशिक्षणातील अध्वर्यू म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्मश्री अनुताई वाघ त्या याच.

१७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे अनुताईंचा जन्म झाला. पुण्यात अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्यावर १९३३ पर्यंत त्यांनी चांदवड तालुक्यात शिकविले. त्यानंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्या रुजू झाल्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असा क्रम ठेवून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली ती १९६१ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. शिकण्याला वयाचे बंधन नसते, हे त्यांनी आधी स्वतःपुरते सिद्ध केले.

ताराबाईंची साथ

१९४५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. ताराबाई मोडक यांनी त्या वर्षी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून तेथे अंगणवाडी साकारली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या परिसरात स्थिरावले. तेथील मुले गुरांमागे रानात जात. त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. हीच ती कुरणशाळा.

वाचनाची पूर्वतयारी

मूल वाचत नसेल, तर त्याला 'ढ' ठरवून मोकळे होण्याची रीत जुनी आहे. कोसबाडच्या प्रयोगाने हा प्रश्न मुलाकडून शाळेकडे वळविला. घरी वारली बोली बोलणाऱ्या मुलासमोर पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीचे पुस्तक ठेवले, तर त्याला अक्षरे आणि भाषा, दोन्ही अनोळखी. अशा मुलाचे अडखळणे म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे.

म्हणूनच बालवाडीत मुळाक्षरांची घाई नव्हती. आधी गप्पा, गाणी, गोष्टी. मग आकार, रंग, आवाज यांतील फरक ओळखण्याचे खेळ. मॉंटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, पाने, शंख-शिंपले आणि खडे यांनी घेतली. डोळा, कान आणि हात तयार झाले की अक्षर जड जात नाही, हा त्यामागील विचार. लहान मुलाची पारख परीक्षेने नव्हे, तर रोजच्या निरीक्षणाने करायची, हे मॉंटेसरी विचारातील सूत्र. मूल कोठे अडले, हे पाहणे आणि त्याला पुढची पायरी देणे, ही दोन्ही कामे एकाच शिक्षिकेची.

१९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यावर कोसबाडची धुरा अनुताईंनी वाहिली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनातून हा प्रवास मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. १९८५ मध्ये पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आजचा संदर्भ

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरविले. 'असर'सारख्या पाहण्यांत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचे वाचन तपासले जाते. ही तपासणी आवश्यकच आहे. तथापि, मूल 'अक्षर' पातळीवर आहे, एवढी नोंद करून तक्ता वर पाठविला, तर मूल तेथेच राहते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्यासाठी काय बदलले, हा खरा प्रश्न आहे. आदिवासी तालुक्यांतील मुलांची घरची बोली वेगळी असलेल्या नाशिक जिल्ह्याला तर तो अधिकच लागू पडतो. मोजमाप आणि मदत यांची फारकत होऊ न देणे, हाच अनुताईंच्या कार्याचा आजच्या शिक्षकांसाठी वारसा आहे.