विश्लेषण : ब्रेस्टस्ट्रोकच्या राष्ट्रीय विक्रमापासून इंग्लिश खाडीपर्यंत… कोण होत्या आरती साहा?

बेडकासारखे पाय झाडत पोहणे भोर-वेल्ह्यातील नीरा, गुंजवणीकाठच्या मुलांना नवे नाही. स्पर्धेत याच पोहण्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात. चार प्रमुख प्रकारांतला हा सर्वांत संथ. त्यातून पुढे आलेल्या आरती साहा इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या.

कोलकात्यात २४ सप्टेंबर १९४० रोजी जन्म. आई लहानपणीच गेली. गंगेच्या घाटावर पाण्याची गोडी लागली, मग वडिलांनी हाटखोला क्लबमध्ये घातले. १९४८ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये रौप्य मिळवले. १९५१ मध्ये १०० मीटरचे अंतर १ मिनिट ३७.६ सेकंदांत कापून मुंबईच्या डॉली नझीर यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

हेलसिंकीत काय झाले?

१९५२ च्या ऑलिम्पिकला या दोघीही गेल्या. आरती तेव्हा ११ वर्षांच्या. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्यांची वेळ ३ मिनिटे ४०.८ सेकंद, सुवर्ण जिंकणाऱ्या हंगेरीच्या एवा सेकेई यांची २ मिनिटे ५१.७. फरक मोठा दिसतो, पण त्या काळी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्यावरून पुढे टाकायलाही मुभा होती आणि सेकेई तसेच पोहल्या. बटरफ्लाय हा वेगळा प्रकार झाला तो या ऑलिम्पिकनंतर. शिवाय अकरा वर्षांच्या मुलीची तुलना करायची तरी कुणाशी?

खाडी दुसऱ्या प्रयत्नात

२७ ऑगस्ट १९५९ रोजी सोबतची नौका ४० मिनिटे उशिरा आली. खाडीत एवढा उशीर महागात पडतो, कारण भरती-ओहोटीचा प्रवाह पोहणाऱ्याला बाजूला ओढत नेतो. इंग्लंडचा किनारा सुमारे पाच मैलांवर असताना त्यांना पाण्याबाहेर यावे लागले.

महिनाभरानंतर, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या. फ्रान्सच्या केप ग्री-ने येथून निघून १६ तास २० मिनिटांनी सँडगेटला पोहोचल्या आणि तिथे तिरंगा फडकवला. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम २१ मैल. प्रवाहामुळे ते ४२ मैल पडल्याची नोंद आहे. तेव्हा एकोणिसावे वर्ष पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते.

१९६० मध्ये पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला खेळाडू. मोहिमेची व्यवस्था पाहणारे डॉ. अरुण गुप्ता यांच्याशी विवाह झाला, रेल्वेत नोकरीही केली. काविळीच्या आजारात २३ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. टपाल खात्याने १९९९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.