सर्व्हर बंद पडला तर काय, हे शिकवणारा जिम ग्रे एक दिवस समुद्रात हरवला

माघ पौर्णिमेला कचारगडची जत्रा भरते. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनवर उतरायचं आणि डोंगरातल्या त्या भल्यामोठ्या गुहेची वाट धरायची. आसपासच्या राज्यांतूनही गोंड समाज इथं दर्शनाला येतो. समजा, त्या वाटेवर तुम्ही चहा घेतला, क्यूआर कोड स्कॅन करून 20 रुपये दिले आणि नेमका त्याच क्षणी बँकेचा सर्व्हर बसला. तुमच्या खात्यातून पैसे गेले, पण चहावाल्याच्या खात्यात आलेच नाहीत, असं झालं तर?

व्यवहार एकतर पूर्ण होईल, नाहीतर झालाच नाही असं धरलं जाईल, मधेच लटकणार नाही. हा नियम कॉम्प्युटरच्या जगात पक्का करण्यात ज्याचा सगळ्यात मोठा वाटा, तो माणूस म्हणजे जिम ग्रे.

जन्म 12 जानेवारी 1944, सॅन फ्रान्सिस्को. वडील अमेरिकी लष्करात असल्यामुळे सुरुवातीची वर्षं रोममध्ये गेली, त्यामुळे गडी इंग्रजीच्या आधी इटालियन शिकला. पुढे बर्कले विद्यापीठात गेला आणि 1969 साली तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची पहिली पीएचडी त्यानं मिळवली.

सत्तरच्या दशकात तो आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता. एकाच वेळी शेकडो लोक एकाच खातेवहीत लिहायला लागले तर गोंधळ कसा टाळायचा, यावर तिथं त्यानं काम केलं. आज जगभरातले डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

पण आपल्या गोष्टीतला खरा टप्पा 1980 साली सुरू होतो. ग्रे टँडम नावाच्या कंपनीत गेला. बँका, एटीएम, शेअर बाजार यांच्यासाठी कधीच बंद न पडणारे कॉम्प्युटर बनवणं हाच टँडमचा धंदा. पद्धत ऐकायला सोपी होती. प्रत्येक कामाची जोडी लावायची. एक काम करणारा, दुसरा त्याच्या पावलावर पाऊल ठेवून सगळं टिपून ठेवणारा. पहिला थोड्या थोड्या वेळानं आपण जिवंत असल्याचा निरोप देत राहणार. निरोप थांबला की दुसऱ्यानं कारभार हाती घ्यायचा. यालाच आज ऑटोमॅटिक फेलओव्हर म्हणतात.

1985 मध्ये ग्रेनं एक भलतंच साधं काम केलं. टँडमचे कॉम्प्युटर नेमके कशामुळे बंद पडतात, याच्या नोंदी घेऊन तो हिशोब करत बसला. मशीन बिघडल्यामुळे जेमतेम 18 टक्के. सॉफ्टवेअरमुळे 25 टक्के. आणि सांभाळणाऱ्या माणसांच्या हातून झालेल्या गडबडीमुळे तब्बल 42 टक्के! मग रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या माणसानं घाईघाईत कमांड मारण्यापेक्षा मशीननं स्वतःच बदली केलेली बरी, हे आपोआप पटतं.

मात्र इथंच एक मोठी गोची आहे. निरोप आला नाही म्हणजे सर्व्हर मेलाच, असं नाही. कदाचित मधली वायर तुटली असेल आणि तो पलीकडे निवांत काम करत असेल. अशा वेळी दुसऱ्यानं सूत्रं घेतली तर मालक दोन. खात्यात 500 रुपये असताना दोन्हीकडून 500 काढता येतील. म्हणून आज सहसा किमान तीन सर्व्हर ठेवतात. एक गप्प झाला तर उरलेले दोघं बहुमतानं नवा प्रमुख ठरवतात. जुन्याला लिहिण्यापासून रोखतात, मगच नवा कामाला लागतो. त्यातही नक्कल काही क्षण मागे असेल, तर शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. विक्रेता हे मोठ्यानं सांगत नाही.

1996 मध्ये ग्रे आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धोका गणितानं दाखवला. प्रत्येक नकलेवर कुणालाही कधीही लिहू दिलं, तर सर्व्हर आणि कामाचा भार दहापट होताच एकमेकांत अडकून बसण्याचे प्रसंग हजारपट होतात. त्यांचा उपाय होता, मूळ प्रत एकच ठेवा आणि बाकीच्यांनी तिचं ऐकावं.

1995 पासून तो मायक्रोसॉफ्टमध्ये होता. 1998 मध्ये उपग्रहाचे आणि विमानातून काढलेले फोटो लोकांना इंटरनेटवर पाहता येतील असा टेरासर्व्हर त्याच्या टीमनं उभा केला. गुगल अर्थ यायला तेव्हा बरीच वर्षं होती. त्याच वर्षीचं ट्युरिंग पारितोषिकही त्याला मिळालं, जे कॉम्प्युटरवाल्यांचं नोबेल मानलं जातं.

28 जानेवारी 2007. आईच्या अस्थी विसर्जित करायला तो आपली शिडाची बोट घेऊन एकटाच सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरॅलॉन बेटांकडे निघाला. हवा स्वच्छ होती. तो परत आलाच नाही. मदतीची हाक आली नाही, बोटीवरच्या आपत्कालीन यंत्राचा सिग्नल आला नाही.

तटरक्षक दलानं काही दिवस शोधून मोहीम थांबवली. मग त्याचे मित्र पुढे आले. उपग्रहाचे ताजे फोटो मिळवले, त्यांचे छोटे तुकडे करून इंटरनेटवर टाकले आणि हजारो अनोळखी लोक डोळे ताणून समुद्रात एक बोट शोधत बसले. टेरासर्व्हरवाल्या माणसाचा शोध उपग्रहाच्या फोटोंत सुरू होता. नंतर कुटुंबानं समुद्राचा तळही धुंडाळला. बोटीची फळीसुद्धा मिळाली नाही.

कायद्यालाही नुसत्या शांततेवरून निकाल देता येईना. पाच वर्षं वाट पाहून 2012 मध्ये न्यायालयानं जिम ग्रेला मृत घोषित केलं.