फादर मेंडेल : वारशाचे कोडे सोडवणारा शेतकरीपुत्र

जुने फोटो, कबरी आणि धर्मग्रामाच्या नोंदवह्या यांवरून आपण पूर्वजांचा शोध घेतो. मात्र वारसा एका पिढीतून दुसरीत कसा उतरतो, याचे नियम एका धर्मगुरूंनी शोधले.

योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ साली, आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. वाढदिवस २२ जुलैला साजरा होई. नोंदवहीत मात्र २० जुलै आहे. शिक्षणासाठी पैसे नव्हते, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा दिला. १८४३ मध्ये ते ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व ग्रेगोर हे नाव घेतले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवून त्यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधले. १८६५ मध्ये ते मांडले, पण फारशी दखल कोणी घेतली नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले. बहिणीचे उपकार ते विसरले नाहीत. तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला. ६ जानेवारी १८८४ रोजी ते देवाघरी गेले. त्यांच्या कार्याचे महत्त्व जगाला १९०० मध्ये पटले.

२०२१ मध्ये ब्रनोच्या दफनभूमीतील मठाची कबर उघडून डीएनएच्या साहाय्याने त्यांच्या अस्थींची ओळख पटवण्यात आली.

नोंदवही तारीख सांगते, कबर नाव सांगते. तेरेझियासारख्या बहिणीचा त्याग मात्र घरच्यांनी सांगितला तरच पुढे कळतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारू या आणि फोटोंमागे नावे लिहून ठेवू या.