बाकीच्यांतला एक

शाळेत असताना एकदा कसलासा फॉर्म भरायचा होता. धर्माच्या रकान्यात तीन-चार चौकोन होते आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. मी पेन उचलायच्या आत फॉर्म घेणाऱ्यांनी माझी खूण ‘इतर’वर करून टाकली. घरी येऊन मी जरा फुगूनच बसले होते. आजोबा हसले आणि म्हणाले की त्या चौकोनात आपल्याबरोबर विजय हजारेसुद्धा आहेत, चांगली संगत आहे.

तेव्हा मला हजारे म्हणजे एका ट्रॉफीचं नाव एवढंच ठाऊक होतं. आजोबा वसईहून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्यात आले आणि फतेगंजात राहिले. त्यांच्या लेखी हे गाव दोन गोष्टींचं: सयाजीरावांचं आणि हजारेंचं. आता मंडळाच्या अंकासाठी एक चरित्रलेख लिहायचा ठरल्यावर मला दुसरं नाव सुचलंच नाही. साहित्य मंडळात क्रिकेट कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणू देत.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीचा. मराठी प्रोटेस्टंट कुटुंब, वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं. (आम्ही कॅथलिक, पण क्रिकेटच्या बाबतीत आजोबा हा भेद मानत नसत.) पुढे देवासच्या महाराजांनी क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन लेगस्पिनरला शिकवायला बोलावलं, आणि हजारे त्याच्या हाताखाली तयार झाले. त्यांची उभं राहायची पद्धत पुस्तकातली नव्हती. बॅट दोन्ही पॅडच्या मधे धरलेली, हँडलवरचे हात एकमेकांपासून थोडे लांब. बघायला देखणं नसेल, पण बाद करायला फार अवघड. शिवाय मध्यमगती गोलंदाजी होतीच.

१९३९-४०च्या मोसमात ते महाराष्ट्राकडून खेळत होते. पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतलं ते पहिलं त्रिशतक. समोरचा संघ कोण? बडोदा! ज्यांनी इतका मार खाल्ला, त्यांनीच मग या माणसाला आपल्याकडे आणलं. तेव्हा बडोद्याच्या गादीवर प्रतापसिंहराव गायकवाड होते. खेळाडूंना नोकरी द्यायची आणि संघ बांधायचा, ही संस्थानांची तेव्हाची रीत होती. होळकरांच्या इंदूरमध्येही तेच चाललं होतं. १९४२-४३मध्ये बडोद्याने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

पण त्या काळात लोक सगळ्यात जास्त गर्दी करत ती रणजीला नाही, मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना. तिथे संघ गावाचे नसत, धर्माचे असत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि १९३७पासून पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे बाकीचे. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, जे कशातच बसत नाहीत ते सगळे तिथे. माझ्या फॉर्मवरचा शेवटचा चौकोनच म्हणा ना. हजारे त्या बाकीच्यांकडून खेळत.

१९४३च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियमवर अंतिम सामना हिंदू विरुद्ध बाकीचे. हजारेंनी आधीच्या सामन्यात २४८ धावा करून स्पर्धेचा विक्रम केला होता. विजय मर्चंट यांनी अंतिम सामन्यात नाबाद २५० करून तो मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१वर डाव सोडला. बाकीचे १३३मध्ये गारद, त्यांतल्या ५९ हजारेंच्या. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात एका बाजूला हजारे आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ विवेक अशी ३०० धावांची भागीदारी झाली. त्या डावात विवेकच्या धावा होत्या २१. तो नुसता उभा राहिला, तासन् तास. संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

मला हा सामना वाचताना विवेकचंच जास्त वाटतं. त्रिशतक करणाऱ्याचं नाव राहतं. २१ करून भावाला साथ देणारा फक्त आमच्यासारख्या घरांत आठवला जातो.

आता बडोद्याकडे येऊ. १९४५-४६चा रणजी अंतिम सामना इंदूरला झाला, होळकर विरुद्ध बडोदा. सी. के. नायडू पन्नाशीचे होते आणि त्यांनी २०० धावा ठोकल्या. करंडक होळकरांकडे गेला. पुढच्याच मोसमात, मार्च १९४७मध्ये, तेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर आले, या वेळी बडोद्यात. होळकर पहिल्या डावात २०२, त्यांतले ६ बळी हजारेंचे. मग बडोद्याची फलंदाजी आली आणि ३ बाद ९१ अशी अवस्था झाली. इथे एकत्र आले हजारे आणि गुल महंमद.

गुल महंमद लाहोरचे. अंगाने लहानखुरे, डावखुरे, फटकेबाज. हजारे शांत, संथ, एका जागी रोवून उभे राहणारे. दोघांनी ५३३ मिनिटं खेळून ५७७ धावांची भागी केली. वॉरेल आणि वॉलकॉट यांनी वर्षभरापूर्वी वेस्ट इंडिजमध्ये ५७४ची भागी करून जागतिक विक्रम केला होता, तो तीन धावांनी मोडला. गुल ३१९, हजारे २८८, बडोदा सर्वबाद ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी बडोदा विजेता. त्याच महिन्यात हजारे ३२ वर्षांचे झाले.

तारीख पुन्हा एकदा वाचा: मार्च १९४७. फाळणीला पाच महिने होते. पंजाब तेव्हा पेटला होता. त्या दिवसांत सांगलीचा एक ख्रिस्ती आणि लाहोरचा एक मुसलमान बडोद्याच्या उन्हात मराठा राजाच्या संघासाठी खेळत होते. मुंबईत हेच दोघे वेगवेगळ्या रकान्यांत गेले असते. बडोद्यात ते नुसते बडोद्याचे होते. आजोबा हे सांगताना आवाज चढवत नसत, स्कोअर सांगितल्यासारखं सांगत. फार गोड चित्र रंगवायचं नाही, हेही मला कळतं. संघ राजाचा होता आणि पैसा त्याचा होता. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले, १९५६मध्ये त्या देशाकडून एक कसोटीही खेळले आणि १९९२मध्ये लाहोरलाच वारले. पण ते ५३३ मिनिटांचं खेळणं खोटं ठरत नाही.

हजारेंचं कसोटीतलं कर्तृत्व बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९४८, ॲडलेड, समोर लिंडवॉल आणि मिलर. हजारेंनी ११६ आणि १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्याच दौऱ्यात त्यांनी ब्रॅडमन यांचा दोनदा त्रिफळा उडवला. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारे होते. अबोल, भिडस्त माणूस. कप्तानीचं ओझं नसतं तर त्यांनी आणखी धावा केल्या असत्या, असं पुष्कळांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे: पहिल्या विजयाच्या वेळी कुणी मिरवणारा माणूस कप्तान नव्हता, हे बरंच झालं. ३० कसोटींत २१९२ धावा, ७ शतकं. १९६०मध्ये त्यांना आणि जसू पटेलांना पद्मश्री मिळाली.

मला मात्र १९५७-५८चा मोसम सांगायचाय. कसोटी संपून वर्षं झालेली, वय चाळिशीच्या पुढे. बडोदा पुन्हा रणजीच्या अंतिम सामन्यात, कर्णधार दत्ताजीराव गायकवाड, समोर सेनादल. संस्थान विलीन झालं होतं, राजाची नोकरी हे कारण आता उरलं नव्हतं. हजारेंनी २०३ धावा केल्या आणि करंडक बडोद्याला आला. ते इथेच राहिले. १८ डिसेंबर २००४ रोजी, नाताळला आठवडा असताना, वडोदऱ्यातच गेले. तेव्हा माझा जन्मही नव्हता की नुकताच झाला होता, हे हिशोब आई करते.

५७७चा तो जागतिक विक्रम त्यानंतर दीड वर्षाने, जुलै २००६मध्ये, संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ करून मोडला. २०१६मध्ये महाराष्ट्राच्या गुगळे आणि बावणे यांनी रणजीतलाही मोडला, ५९४ नाबाद. २०२४मध्ये गोव्याच्या जोडीने ६०६ केल्या. या दोन्ही भागीदाऱ्या तिसऱ्या विकेटच्या. चौथ्या विकेटच्या रकान्यात अजून गुल महंमद आणि विजय हजारे हीच दोन नावं आहेत.