श्वासाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

खानदेशातील अमळनेर म्हटले, की साने गुरुजी आणि तत्त्वज्ञान मंदिर ही नावे ओठांवर येतात. योगाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्या एका शिक्षकाने याच गावात उमेदीची वर्षे घालविली, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. हे शिक्षक म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे झाला. १९०३ मध्ये मॅट्रिक होताना त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामविद्येचे धडे घेतले. १९१६ मध्ये ते अमळनेरच्या खानदेश शिक्षण संस्थेत दाखल झाले आणि पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य बनले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास महाराजांची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

गुरूंनी शिकविलेल्या क्रियांचा अनुभव त्यांना आला होता. पण केवळ अनुभवावर त्यांचे समाधान होईना. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साह्याने त्यांनी उड्डियान बंध आणि नौली यांची क्ष-किरणांद्वारे तपासणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना पुढे आढळले. या स्थितीला त्यांनी गुरूंचेच नाव दिले.

तपासणीचा हा आग्रह किती मोलाचा होता, हे प्राणायामाच्या प्रवेशद्वारापाशी, म्हणजे नाकापाशीच कळते. प्रत्येक नाकपुडीत गुंडाळलेल्या पानासारखी तीन नाजूक हाडे असतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ त्यांना टर्बिनेट म्हणतात. पिंपळनेरच्या हिवाळी पहाटेची गार हवा असो वा जळगावच्या उन्हाळ्यातील कोरडी, धुळीची हवा. या हाडांवरील ओलसर आवरण तिला शरीराचे तापमान आणि ओलावा देते, धूळ अडविते. हे आवरण एका बाजूला फुगते, तेव्हा दुसऱ्या बाजूला ओसरते. काही तासांनी ही पाळी बदलते. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये या चक्राचे वर्णन केले. डावा-उजवा स्वर आलटून पालटून चालतो, हे आपल्या स्वरशास्त्राचे निरीक्षण येथे खरे ठरते.

मात्र प्रत्येक समजूत अशी कसोटीस उतरत नाही. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही त्यातली सर्वांत लाडकी समजूत. श्वासातील वायूंची मोजमापे घेऊन कुवलयानंदांनी ती अमान्य केली. प्राणायामाचे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. योगाचाच प्रचारक असताना योगाविषयीचा सोयीस्कर समज खोडून काढणे, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

इंग्रज सरकारच्या रोषामुळे १९२३ मध्ये अमळनेरचे महाविद्यालय बंद पडले. खचून न जाता पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि संशोधन प्रसिद्ध करण्यासाठी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. महात्मा गांधींनीही आपल्या प्रकृतीबाबत त्यांचा सल्ला घेतला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज योगवर्गांना तोटा नाही आणि योगाच्या नावावर केल्या जाणाऱ्या दाव्यांनाही नाही. अशा वेळी श्रद्धा न सोडता प्रत्येक दावा मोजून पाहणाऱ्या अमळनेरच्या या प्राचार्यांचा मार्ग अधिकच गरजेचा वाटतो.