ज्याचा आवाज घराघरात पोचला, त्यालाच शेजारी म्हणून कुणी नको होतं..

१० एप्रिल १९५६. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये नॅट किंग कोलचा शो सुरू होता. गाणारा काळा आणि समोर बसलेले सगळे प्रेक्षक गोरे. कारण तिथे गोऱ्यांचा शो वेगळा आणि काळ्यांचा वेगळा, असाच नियम होता.

तिसरं गाणं सुरू होतं. तेवढ्यात काही माणसं धावत स्टेजवर चढली आणि त्यांनी नॅटला खाली पाडलं. त्याच्या पाठीला मार लागला. पोलिसांनी हल्लेखोरांना पकडलं. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र येण्याला विरोध करणाऱ्या एका संघटनेशी ते जोडलेले होते. थोड्या वेळाने नॅट परत स्टेजवर आला तेव्हा तेच गोरे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण तो पुढे गाऊ शकला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा नॅट किंग कोल कोण?

तर नॅटचा जन्म १७ मार्च १९१९ चा, याच अलाबामातल्या माँटगोमेरी शहरातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई तिथेच ऑर्गन वाजवायची. नॅट लहान असताना कुटुंब शिकागोला गेलं. पियानोचे पहिले धडे त्याला आईनेच दिले. शिकागो म्हणजे तेव्हा जॅझचं मोठं केंद्र. पोरगा त्यातच वाढला.

१९३७ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये त्याने स्वतःचा ग्रुप काढला. पियानो, गिटार आणि बास, बस्स. ड्रम नाहीच. मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांच्या जमान्यात या तिघांनी जॅझ आणि ब्लूज असं वाजवलं की पुढे अनेकांनी हीच पद्धत उचलली. रे चार्ल्ससारखा दिग्गज सुरुवातीला नॅटचीच नक्कल करत गायचा.

१९४३ मध्ये नॅटने कॅपिटल रेकॉर्ड्सशी करार केला आणि मग हिटवर हिट दिले. हळूहळू पियानोवाला नॅट मागे पडला आणि गायक नॅट पुढे आला. त्याच्या रेकॉर्ड्सनी कंपनीला इतका पैसा मिळवून दिला की हॉलीवूडमधल्या कंपनीच्या गोल इमारतीला लोक नॅटने बांधलेलं घर म्हणायचे.

पण त्याच्या खऱ्या घराची गोष्ट वेगळी होती.

१९४८ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या हॅनकॉक पार्क या श्रीमंत वस्तीत घर घेतलं. वस्ती सगळी गोऱ्यांची. काळ्यांना घर विकायचं नाही अशा अटी तेव्हा कागदपत्रांतच असायच्या. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, अशा अटी कोर्टातून लागू करून घेता येणार नाहीत. तरी शेजारी अडून बसले. नको असलेली माणसं इथे यायला नकोत, असं त्यांनी नॅटला कळवलं. त्यावर नॅटने शांतपणे सांगितलं की तसं कुणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करेन. पुढे त्याच्या लॉनवर वंशद्वेषी शिवी जाळून कोरली गेली, कुत्र्याला विष घातलं गेलं. पण नॅट घर सोडून गेला नाही.

आता परत १९५६ मध्ये येऊ. बर्मिंगहॅमच्या हल्ल्यानंतर नॅटला सहानुभूती मिळाली, पण आपल्याच लोकांच्या शिव्याही मिळाल्या. आणि त्यांचा रागही समजण्यासारखा होता. नॅटच्या जन्मगावी, माँटगोमेरीत, काळे लोक तेव्हा बसवर बहिष्कार टाकून महिनोन्‌महिने पायपीट करत होते. आणि हा मात्र फक्त गोऱ्यांसाठीच्या शोमध्ये गात होता. आपण राजकारणी नाही, कलाकार आहोत, अशी नॅटची भूमिका होती. ती अनेकांना पटली नाही. काही ठिकाणी त्याच्या रेकॉर्ड्सवर बहिष्कार पडला. त्यानंतर तो काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा आजीव सदस्य झाला.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला एनबीसीवर त्याचा टीव्ही शो सुरू झाला. राष्ट्रीय चॅनेलवर स्वतःचा शो मिळालेल्या पहिल्या काही काळ्या कलाकारांपैकी तो एक. शो चालला, मोठमोठे कलाकार दोस्तीखातर कमी पैशात आले. पण देशभरासाठी एकही मोठा स्पॉन्सर पुढे आला नाही. काळ्या माणसाच्या शोला पैसे दिले तर दक्षिणेतलं गोरं गिऱ्हाईक तुटेल, ही कंपन्यांची भीती. शेवटी डिसेंबर १९५७ मध्ये शो बंद झाला.

नॅट सिगरेट खूप ओढायचा. १५ फेब्रुवारी १९६५ ला फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. वय फक्त ४५.

पण आवाज राहिला. १९९१ मध्ये त्याची मुलगी नॅटली कोल हिने वडिलांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज मिसळून 'अनफर्गेटेबल' हे गाणं नव्याने केलं आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी जिंकले. एव्हाना नॅटला जाऊन २६ वर्षं झाली होती. ज्याला शेजारी म्हणून कुणी नको होतं, त्याचा आवाज पुन्हा एकदा घराघरात वाजत होता.