बाबासाहेबांची जर्मन भाषा

बिद्रीचे नाव घेतले की साखर कारखाना आठवतो. पण कागलच्या या मुलुखाचे चळवळीशी असलेले नाते कारखान्याहून जुने आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. त्यानंतर काही महिन्यांतच बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघाले. तिथून त्यांनी जर्मनीची वाट धरली, तो भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

गोष्ट सुरू होते मुंबईत. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना ते शिकवले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली. एका भाषेचे दार जातीने बंद केले. पुढे ते संस्कृत स्वतःच्या मेहनतीने शिकले, पण तो अपमान विसरले नाहीत.

१९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे. त्या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले; शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान. याच यादीत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचा एकेक अभ्यासक्रम आहे. जर्मनीला जायचे अजून ठरलेलेही नव्हते. पण त्या काळी अर्थशास्त्रातले मोठे काम जर्मन भाषेत होत होते आणि ते मुळातून वाचायचे तर भाषा हवीच होती.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास सोडून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पगारातून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्या आधारावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. त्याच वर्षी त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी प्रयत्न सुरू केले. अर्ज आणि स्वतःचा परिचय त्यांनी स्वहस्ते जर्मन भाषेत लिहिला. न्यूयॉर्कमध्ये शिकलेली भाषा काही वर्षांनी अशी कामी आली.

२९ एप्रिल १९२२ रोजी बॉन विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून त्यांच्या नावाची नोंद झाली. याच बॉनमध्ये १८१८ पासून संस्कृतचे अध्यापन चालू होते. जी भाषा मुंबईच्या शाळेत महाराच्या मुलाला नाकारली गेली, ती तिथे कोणालाही जात न विचारता शिकवली जात होती. त्यानंतर आठवडाभरात, ६ मे रोजी, मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. परदेशात असलेल्या बाबासाहेबांचा मायदेशातला मोठा आधार गेला.

बॉनचा अभ्यास मात्र पूर्ण झाला नाही. लंडनमध्ये बॅरिस्टरीची पदवी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध हातात होता. हजेरी नसल्यामुळे जानेवारी १९२३ मध्ये बॉनच्या पटावरून त्यांचे नाव कमी झाले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण समाजमाध्यमांवर बाबासाहेबांच्या पदव्या आणि भाषा फुगवून सांगितल्या जातात. त्यांना अशा फुगवट्याची गरज नाही. जर्मनीची पदवी त्यांच्या नावापुढे नाही, तरी पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे असताना ते भाषेची तयारी करून तिथवर गेले, हीच मोठी गोष्ट आहे. एप्रिल १९२३ मध्ये ते परतले आणि मिळवलेले सारे ज्ञान समाजासाठी खर्च केले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पालीकडे वळले आणि पालीचा शब्दकोश व व्याकरण यांवर काम केले. भाषा शिकणे त्यांनी कधी थांबवले नाही.

आज कागल, मुरगूड, बिद्री भागातली आपली मुले-मुली नर्सिंग, आयटीआय, इंजिनिअरिंग करत आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण भाषेवाचून या संधी हाताला लागत नाहीत. नर्सला तिथे काम करायचे तर साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते. ए-वनपासून तिथवर जायला महिनोन्‌महिने नियमित अभ्यास लागतो. व्हिसाच्या वेळी धावपळ करून भाषा येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. संधीची जाहिरात येईपर्यंत थांबू नका. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच जर्मनची सुरुवात करा. शहरातल्या क्लासची फी परवडत नसेल तर चार जणांनी मिळून एक पुस्तक घ्या आणि गावातल्या विहारात संध्याकाळी एक तास एकत्र बसा. विहार वंदनेसाठी आहे, तसा अभ्यासासाठीही आहे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतला काही भाग परीक्षेच्या फीसाठी राखून ठेवावा. जे परदेशी गेले आहेत त्यांनी आठवड्यातून एक दिवस गावच्या मुलांना ऑनलाइन शिकवावे.

आणि जाणाऱ्यांनी परतीचे देणे विसरू नये. प्रत्येकाने गावी परत यावे असे नाही. पण आपल्या मागून येणाऱ्या एकाला तरी तिथवर पोचवावे. माणगावला जमलेल्या आपल्या पूर्वजांनी ज्या तरुण नेत्यावर भरवसा ठेवला, त्याने तो सार्थ केला. आता पाळी आपली आहे.

जय भीम!